एक फासा, दोन तक्ते: बेसबॉल कार्डांवरचा एमएलबी शोडाउन नेमका चालतो कसा

पुस्तक क्रिकेट आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलंय. पुस्तकाचं कुठलंही पान उघडायचं, डावीकडच्या पान नंबरचा शेवटचा आकडा म्हणजे रन, शून्य आलं की आउट. भारी टाइमपास, पण त्यात एक मोठी अडचण होती, ती म्हणजे सचिन आणि कोर्टनी वॉल्श दोघांना तेच पुस्तक. टेस्टमध्ये ४३ वेळा शून्यावर आउट झालेला वॉल्श पुस्तकात आरामात सेंच्युरी मारायचा, कारण बॅटिंगला कोण उभं आहे हे पुस्तकाला कळायचा काही मार्गच नाही. आता विचार करा, नशीब तर पाहिजेच, त्याशिवाय गेममध्ये धाकधूक कसली, पण ते नशीब प्रत्येक प्लेयरसाठी वेगळं पाहिजे, म्हणजे चांगला बॅटर जास्त वेळा चालला पाहिजे आणि तरीही एखाद्या दिवशी चार वेळा येऊन चारही वेळा आउट झाला पाहिजे. हे टेबलावर, कागद आणि फासा एवढ्यावरच करायचं तर कसं करणार?

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी याची अनेक उत्तरं शोधली, आणि त्यातलं माझं सगळ्यात आवडतं उत्तर म्हणजे एमएलबी शोडाउन (एमएलबी म्हणजे मेजर लीग बेसबॉल, तिथली सगळ्यात मोठी लीग). विझार्ड्स ऑफ द कोस्ट नावाच्या कंपनीने हा गेम २००० साली आणला आणि २००५ पर्यंत दरवर्षी नवीन कार्डं काढली. हीच कंपनी मॅजिक द गॅदरिंग हा पाकिटातल्या कार्डांचा गेम बनवते, आणि १९९७ मध्ये तिने डंजन्स अँड ड्रॅगन्स या वीस बाजूंच्या फाशाने खेळायच्या गेमवाली कंपनी विकत घेतली होती, त्यामुळे कार्डांचं पाकीट कसं विकायचं आणि वीस बाजूंच्या फाशाचं काय काय करता येतं, दोन्ही गोष्टी या लोकांच्या हातातल्या. त्यांनी दोन्ही उचलून बेसबॉलला लावल्या.

अमेरिकेत बेसबॉलची कार्डं जमवायचा नाद शंभर वर्षांहून जुना आहे. पुढे प्लेयरचा फोटो, मागे त्याचे आकडे, मुलं ती पाकिटातून काढतात, एकमेकांत बदलतात, अल्बममध्ये लावतात. पण त्या मागच्या आकड्यांचं पुढे काय, तर वाचायचे आणि ठेवून द्यायचे. शोडाउनमध्ये तेच आकडे कामाला लागले. पाकीट बंद, आत कोण निघेल माहीत नाही, मोठ्या प्लेयरचं चमकणारं फॉइल कार्ड क्वचित मिळणार, हे सगळं तसंच, फक्त कार्ड निघालं की ते टेबलावर ठेवून खेळायचं.

बेसबॉल माहीत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा, बाकीचं आपोआप कळत जाईल. पिचर टाकतो, बॅटर मारतो. मैदानावर चार बेस, पहिला, दुसरा, तिसरा आणि होम. बॅटर मारून पहिल्या बेसवर पोचला, मग त्याच्या मागून येणाऱ्यांनी मारलं की तो पुढे पुढे सरकतो, होमला परत आला की एक रन. तीन आउट झाले की बाजू बदलली, दोन्ही बाजू खेळल्या की एक इनिंग, अशा नऊ इनिंग. आउट होण्याचे मुख्य प्रकार म्हणजे तीन स्ट्राइक झाले तो स्ट्राइकआउट, जमिनीवरून मारलेला बॉल उचलून बेसवर टाकला तो ग्राउंडर, आणि हवेत मारलेला कॅच केला तो फ्लाय बॉल किंवा पॉप-अप. वाचण्याचे प्रकार म्हणजे वॉक, म्हणजे पिचरने चार खराब बॉल टाकले की फुकटात पहिला बेस, आणि मग मारून एक, दोन, तीन किंवा चारही बेस गाठले तर सिंगल, डबल, ट्रिपल, होमरन.

आता कार्ड बघू. दोन प्रकारची कार्डं असतात, पिचरची आणि बॅटरची. पिचरच्या कार्डावर सगळ्यात महत्त्वाचा आकडा कंट्रोल, बॅटरच्या कार्डावर ऑन-बेस. आणि दोघांच्याही कार्डाखाली एकेक चार्ट, १ ते २० पर्यंतचा, कुठला आकडा पडला तर काय झालं ते सांगणारा. पिचरच्या चार्टमध्ये बहुतेक जागा आउटच्या, बॅटरच्या चार्टमध्ये बहुतेक जागा हिटच्या आणि वॉकच्या. अख्ख्या गेमचं डोकं इथे आहे: एका बॅटरला दोन वेळा फासा टाकायचा, आणि पहिल्या फाशाचं काम एकच, ते म्हणजे दुसरा फासा कोणाच्या चार्टवर वाचायचा हे ठरवणं.

पिचरवाला वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात कंट्रोल मिळवतो. बेरीज बॅटरच्या ऑन-बेसपेक्षा जास्त आली तर पिचर वरचढ, दुसरा फासा त्याच्या चार्टवर वाचायचा. बेरीज कमी किंवा बरोबरीची आली तर बॅटर वरचढ, चार्ट त्याचा. बरोबरी बॅटरला जाते हे नीट लक्षात ठेवा, नवीन माणूस हमखास इथेच अडखळतो. मग बॅटरवाला दुसरा फासा टाकतो आणि ज्याचा चार्ट ठरलाय त्यावर निकाल बघतो. झालं.

समजण्यासाठी दोन कार्डं मनाने बनवू. पिचर, कंट्रोल ४, चार्टमध्ये १ ते १६ सगळे आउट (१-२ पॉप-अप, ३-७ स्ट्राइकआउट, ८-१२ ग्राउंडर, १३-१६ फ्लाय बॉल), १७ वॉक, १८-१९ सिंगल, २० डबल. बॅटर, ऑन-बेस ९, चार्टमध्ये १ ते ४ आउट (१-२ स्ट्राइकआउट, ३ ग्राउंडर, ४ फ्लाय बॉल), ५-९ वॉक, १०-१५ सिंगल, १६-१७ डबल, १८ ट्रिपल, १९-२० होमरन. पिचरला ९ पेक्षा जास्त पाहिजे, हातात ४ आहेत, म्हणजे फाशावर ६ किंवा जास्त पडलं पाहिजे. वीसपैकी पंधरा आकडे त्याचे, ७५ टक्के. ऐकायला वाटतं की बॅटर मेलाच. पण पुढचा हिशोब करा. पिचरच्या चार्टवर आउट ८० टक्के, बॅटरच्या चार्टवर २० टक्के. ७५ टक्के वेळा ८० टक्के, म्हणजे ६०, आणि उरलेल्या २५ टक्के वेळा २० टक्के, म्हणजे ५. एकूण आउट ६५ टक्के, बेसवर पोचण्याची शक्यता ३५ टक्के.

आता हा आकडा खऱ्या बेसबॉलला लावून बघा. २००० च्या सीझनमध्ये मेजर लीगमधल्या सगळ्या बॅटर्सची मिळून बेसवर पोचायची सरासरी होती ०.३४५. आपल्या मनाने बनवलेल्या साध्या कार्डांतून जवळजवळ तोच आकडा निघाला! मला यातली हीच गोष्ट फार आवडते, की दोन फासे, दोन तक्ते, एक बेरीज, चौथीतल्या मुलाला जमेल एवढं गणित, आणि त्याच्या पोटातून खऱ्या खेळाचं प्रमाण बाहेर येतं.

आता फक्त कंट्रोल बदला, बाकी सगळं तेच ठेवा. कंट्रोल ६ केला तर पिचरला फाशावर ४ पुरतात, ८५ टक्के वेळा चार्ट त्याचा, आणि बेसवर पोचण्याची शक्यता २९ टक्क्यांवर येते. कंट्रोल २ केला तर ८ पाहिजे, ६५ टक्के, आणि शक्यता ४१ टक्क्यांवर जाते. म्हणजे कंट्रोलचा एकेक पॉइंट तीन टक्क्यांचा. ऐकायला तीन टक्के म्हणजे काहीच नाही, पण २९ आणि ४१ मधलं अंतर बेसबॉलमध्ये प्रचंड आहे, २९ टक्क्यांच्या बॅटरची टीममधली जागा धोक्यात असते आणि ४१ टक्क्यांचा ऑल-स्टार असतो. १९९९ मध्ये बोस्टन रेड सॉक्सच्या पेड्रो मार्टिनेझने २३ मॅच जिंकल्या, फक्त ४ हरल्या, ३१३ स्ट्राइकआउट काढले, आणि नऊ इनिंगमागे सरासरी २.०७ रनच दिले. कंट्रोल ६ हा असल्या पिचरसाठीचा आकडा, आणि तो समोर आला की टेबलावर लगेच जाणवतं, तुम्ही चांगला फासा टाकताय तरी तो वाचला जातोय भलत्याच चार्टवर.

आणखी एक बारकी गोष्ट. वीस बाजूंच्या फाशाची एक बाजू म्हणजे ५ टक्के, त्यापेक्षा बारीक काही मोजता येत नाही, मग क्वचित घडणाऱ्या गोष्टी दाखवायच्या कशा? तर दोन फाशांनी. पहिला आणि दुसरा मिळून ४०० जोड्या होतात, म्हणजे पाव टक्क्यापर्यंत बारीक विणता येतं. वरच्या बॅटरच्या चार्टवर होमरनला दोन जागा आहेत, १० टक्के, पण त्याचा चार्ट लागणार २५ टक्के वेळा, म्हणजे खरी शक्यता अडीच टक्के, साधारण चाळीसातून एकदा. कार्डाकडे नुसतं बघून हे कळत नाही, खेळताना मात्र अंगात भिनतं.

अर्धी इनिंग खेळून बघू, पिचर तोच, कंट्रोल ४. तीन बॅटर धरा, तिघांचा चार्टही वरचाच धरू म्हणजे सोपं जाईल. पहिला बॅटर, ऑन-बेस ९, एकदम चपळ, स्पीड २० (हा आकडाही बॅटरच्या कार्डावरच असतो). पिचरचा फासा ५, बेरीज ९, बरोबरी, म्हणजे बॅटरचा चार्ट. दुसरा फासा ७, वॉक. पहिल्या बेसवर माणूस आला. दुसरा बॅटर, ऑन-बेस ८. पिचरचा फासा १४, बेरीज १८, पिचरचा चार्ट. दुसरा फासा पडतो १९! स्वतःच्या चार्टवर असता तर होमरन, दोन रन, पण चार्ट पिचरचा आहे आणि तिथे १९ म्हणजे सिंगल. ठीक आहे, सिंगल तर सिंगल. आता बॅटिंगवाल्यासमोर प्रश्न, पुढचा माणूस दुसऱ्या बेसवर थांबवायचा की तिसऱ्यावर पळवायचा? पळवला तर फिल्डिंगवाला फासा टाकणार, त्यात आउटफिल्डच्या, म्हणजे लांब उभ्या असलेल्या फिल्डर्सच्या कार्डांवरच्या फिल्डिंगच्या आकड्यांची बेरीज मिळवणार, आणि ती पळणाऱ्याच्या स्पीडपेक्षा जास्त आली तर आउट. आउटफिल्ड धरा ५, स्पीड २०, म्हणजे फाशावर १६ किंवा जास्त लागेल, चारातून एकदाच पकडला जाईल. पळवा! फासा पडतो १७, बेरीज २२, आउट. एक गेला. तिसरा बॅटर, ऑन-बेस १०, ताकदवान पण मंद, स्पीड १०. पिचरचा फासा ३, बेरीज ७, पुन्हा बॅटरचा चार्ट. दुसरा फासाही ३, आणि स्वतःच्या चार्टवरसुद्धा ३ म्हणजे ग्राउंडर. पहिल्या बेसवर माणूस असताना ग्राउंडर गेला की डबल प्लेचा, म्हणजे एकाच बॉलवर दोन आउटचा फासा, इनफिल्डची, म्हणजे बेसजवळच्या फिल्डर्सची बेरीज धरा ७, फासा ८, झाले १५, बॅटरच्या स्पीड १० पेक्षा जास्त. दोघेही आउट, इनिंग संपली.

तीनपैकी दोनदा चार्ट बॅटरचा होता, एक वॉक, एक सिंगल, आणि रन शून्य. खऱ्या बेसबॉलमध्ये अशी इनिंग रोज कुठे ना कुठे होते आणि ज्याची टीम असते तो डोकं धरून बसतो, टेबलावरही अगदी तेच होतं.

त्या शेवटच्या बॅटरचा स्पीड २० असता तर डबल प्लेसाठी फाशावर १४ लागले असते, म्हणजे फक्त ३५ टक्के, आणि स्पीड १० ला ८५ टक्के. म्हणून स्पीड हा नुसता शोभेचा आकडा नाही, मंद बॅटर पहिल्या बेसवर कोणी असताना धोकादायक, स्वतःच्याच टीमला. होमकडे पळताना स्पीडमध्ये ५ जास्त मिळतात आणि दोन आउट झालेले असताना आणखी ५, कारण दोन आउटला पळणारे बॉल लागल्या लागल्या सुटतात. काही कार्डांवर सिंगलच्या पुढे अधिकचं चिन्ह असतं, तो सिंगल मारला आणि दुसरा बेस रिकामा असला की बॅटर थेट दुसऱ्यावर जातो. १९८२ मध्ये १३० बेस चोरणाऱ्या, म्हणजे कोणी मारायची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठणाऱ्या रिकी हेंडरसनसारख्या माणसाचा खेळ फाशावर दाखवायचा तर असले नियम लागणारच.

पिचर थकतो. कार्डावर त्याचा इनिंगचा आकडा लिहिलेला असतो, मॅच सुरू करणाऱ्या स्टार्टरला बऱ्याच इनिंग, नंतर त्याच्या जागी येणाऱ्या रिलीव्हरला एखाद-दोन. ती हद्द ओलांडली की दर इनिंगला कंट्रोल एकने कमी. वरचा हिशोब आठवा, एक पॉइंट म्हणजे तीन टक्के, आणि हे तीन टक्के समोरच्या प्रत्येक बॅटरमागे. सातव्या-आठव्या इनिंगला तुमचा भारी पिचर अजून चांगला दिसतोय, पण थकलाय, आणि बाहेर बसलाय तो ताजा पण मुळातच साधा. काढायचा की ठेवायचा? या एका प्रश्नासाठी मी हा गेम कितीही वेळा खेळायला तयार आहे.

टीम बनवायची गंमत आणखी वेगळी. प्रत्येक कार्डाला पॉइंट असतात, म्हणजे किंमत, आणि अख्खी टीम ५००० पॉइंटमध्ये बसवायची. सगळेच सुपरस्टार घ्यायला गेलात तर शेवटी मैदानावर कोणी उरत नाही. बेंचवरचे प्लेयर मात्र पाचव्या भागाच्या किमतीत येतात, त्यामुळे मुख्य टीममध्ये न परवडणारा एखादा तगडा बॅटर बेंचवर ठेवून मोक्याच्या वेळी उतरवणं ही एक मोठी चाल आहे. आणि इथेच स्वस्त कार्डाचं महत्त्व कळतं, ज्याला पाकिटातून निघाल्यावर कोणी विचारत नाही असा कमी पॉइंटचा, चांगल्या फिल्डिंगचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर, अख्खी टीम बसवून देतो. स्ट्रॅटेजी कार्डंही असतात, काही बॅटिंगची, काही फिल्डिंगची, हातात धरून योग्य वेळी टाकायची, फाशात दोन-चार मिळवणारी वगैरे. काही बॅटरच्या चार्टवर होमरन चक्क २१ पासून पुढे लिहिलेला असतो, म्हणजे नुसत्या फाशाने तो येणारच नाही, कार्डाची मदत लागणार. माझं मत विचाराल तर सुरुवातीला ही कार्डं बाजूला ठेवा, पिचर-बॅटरचा सामना आधी हातात बसू द्या.

शोडाउन काही आकाशातून पडला नाही, त्याच्या आधी साठ वर्षांची परंपरा आहे. १९४१ मध्ये इथन ॲलन या माजी मेजर लीग प्लेयरचा एक गेम आला, त्यात प्रत्येक प्लेयरची गोल चकती, चकतीच्या कडेने निकालांचे भाग, ज्याचे होमरन जास्त त्याचा होमरनचा भाग रुंद, आणि मध्ये फिरणारा काटा. डोळ्यांनी दिसणारी शक्यता, लहान मुलांना शिकवायला याहून चांगलं काही नाही. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमधून रिचर्ड साइट्झने ॲपबा काढला. त्यात दोन साधे फासे, पण बेरीज करायची नाही, मोठा फासा दशक आणि छोटा फासा एकक, म्हणजे ११ ते ६६, एकूण ३६ निकाल आणि सगळ्यांची शक्यता सारखी.

आणि मग १९६१ मध्ये हॅल रिचमनचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक. लहानपणीच हा माणूस असल्या गेमच्या मागे लागला होता, पुढे गणित शिकला, धंद्यासाठी वडिलांकडून उसने पैसे घेतले आणि कबूल केलं की गेम चालला नाही तर तुमच्या इन्शुरन्सच्या धंद्यात येईन. गेम चालला. त्यात तीन फासे, एक वेगळ्या रंगाचा. त्या वेगळ्या फाशावर १, २, ३ आलं तर बॅटरच्या कार्डाचा तो रकाना, ४, ५, ६ आलं तर पिचरच्या कार्डाचा, आणि उरलेल्या दोघांची बेरीज म्हणजे ओळ. दोन फाशांची बेरीज ७ यायला छत्तीसात सहा संधी, २ किंवा १२ यायला एकेकच, त्यामुळे ७ च्या ओळीत काय लिहिलंय यावर प्लेयरचं अर्धं नशीब ठरतं. १९८१ मध्ये प्लेयर्सच्या संपामुळे क्लीव्हलँडची ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक प्लेयर्सची मॅच ठरल्या तारखेला, १४ जुलैला झाली नाही, तेव्हा त्याच दिवशी त्याच स्टेडियममध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिकची ऑल-स्टार मॅच खेळली गेली. खरी मॅच ऑगस्टमध्ये झाली.

स्ट्रॅटमध्ये अर्धे निकाल कायम पिचरच्या कार्डावर, अर्धे बॅटरच्या, समोर कोणीही असो. शोडाउनमध्ये ती वाटणीच भांडून ठरते, भारी पिचर ८५ टक्के निकाल स्वतःकडे ओढतो, बॅरी बॉण्ड्ससारखा बॅटर, ज्याने २००४ मध्ये २३२ वॉक घेतले आणि ज्याची बेसवर पोचायची सरासरी ०.६०९ होती, तो ते परत खेचतो. सीझनभराचे आकडे अगदी खऱ्याशी जुळवायचे असतील तर स्ट्रॅट जास्त काटेकोर आहे, हे मान्य. पण समोरासमोर बसून संध्याकाळी एक मॅच खेळायची असेल तर माझी पसंती शोडाउनला, कारण पहिला फासा पडतो त्या क्षणी दोघांनाही कळतं की आत्ता कोण वर आहे, आणि दुसरा फासा पडेपर्यंत कोणी श्वास सोडत नाही.

नवीन कार्डं २००५ नंतर आली नाहीत. जुनी कार्डं लोक अजून विकतात-घेतात, आणि गेमवर जीव असलेल्या लोकांनी कार्डामागचं गणित उलगडून आजच्या प्लेयर्सची कार्डं स्वतः बनवायला घेतलीत. तुम्हालाही सुरुवात करायला फार काही लागत नाही. वीस बाजूंचा फासा कुठल्याही बोर्ड गेमच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. वर दिलेला पिचरचा आणि बॅटरचा चार्ट दोन जाड कागदांवर लिहून काढा. मग बॅटरच्या कार्डाच्या नऊ कॉपी करा, पण प्रत्येकाचा ऑन-बेस ७ ते ११ च्या मध्ये आणि स्पीड १० ते २० च्या मध्ये वेगवेगळा ठेवा, आणि समोरच्यालाही तसंच करायला सांगा. पहिल्या बेसवर चपळ माणूस, पुढे मंद पण तगडा बॅटर, एक आउट, अशी वेळ दुसऱ्या-तिसऱ्या इनिंगपर्यंत येतेच, तेव्हा पळवायचं की थांबायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.